पट्टी घट्ट गुंडाळ

“सेवा करायला निघालीस खरी, पण आधी स्वतःची गादी घडी घालून ठेवायला शीक!” असे आई म्हणाली, आणि माझ्या ट्रंकेचे झाकण तिने जरा जोरातच आपटले.

गोष्ट 1966 सालच्या मे महिन्याची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. इंटर सायन्सला थोड्याच गुणांनी आपटले होते, आणि डॉक्टर होण्याचे लहानपणापासूनचे स्वप्न निकालाच्या कागदाबरोबर घडी होऊन ट्रंकेच्या तळाशी गेले होते. पुण्यातील आमच्या चर्चच्या तरुण संघाचे एक निवृत्त शिक्षक आम्हां सातजणांना महिनाभर वर्ध्याजवळच्या दत्तपूरला नेणार होते. तेथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. नापास मुलीला घरात बसून नातेवाइकांना तोंड देण्यापेक्षा कुष्ठरोगीही परवडले असे मला वाटले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आईची अडचण निराळी होती. अहमदनगरचे एक स्थळ चालून आले होते. मुलगा बँकेत, घर स्वतःचे. बोलणी जूनमध्ये व्हायची होती. “महारोग्यांत राहून आली असे कळले तर कोण करून घेईल तुला?” आईने आवाज खाली आणून विचारले. शेवटी तिने स्वतःच तोड काढली. विचारणाऱ्यांना सांगायचे, मुलगी सेवाग्राम बघायला गेली आहे. दत्तपूर हे नाव तोंडातून काढायचे नाही. मी मान डोलावली. मलाही ते सोयीचेच होते.

गाडीत आमच्या कल्पनेला ऊत आला होता. पांढरी पातळे, कपाळावर हात ठेवणे, रात्री पेटीवर भजने, कृतज्ञ रुग्णांच्या डोळ्यांत पाणी! आमच्यातील एकाने तर पेटी सोबतच घेतली होती. माझ्या मनात मात्र एक प्रश्न होता, तो मी सरांना विचारला. “सर, कुष्ठसेवा म्हणजे आपल्या मिशनऱ्यांचे काम. मग कोठाऱ्याच्या मिशनच्या दवाखान्यात न जाता गांधीवाद्यांकडे का जायचे?”

सर हसले. म्हणाले, “शिकवायला गेलो असतो तर आपल्याच घरी गेलो असतो. आपण शिकायला चाललो आहोत.”

मग वर्धा येईपर्यंत त्यांनी आम्हांला सारा इतिहास ऐकवला. 1869 साली अंबाल्याला शिक्षक म्हणून आलेल्या वेलस्ली बेली या आयरिश तरुणाने तेथील कुष्ठरोगी पाहिले आणि 1874 साली त्यांच्यासाठी मिशन काढले. हवाई बेटांपैकी मोलोकाईवर फादर डेमियन 1873 पासून रुग्णांत राहिले, आणि त्याच रोगाने 1889 मध्ये तेथेच वारले. आपल्याकडे अचलपूरजवळचे कोठारा हे अशाच कामांपैकी एक. परदेशी माणसे सातासमुद्रांपलीकडून येऊन आपल्या माणसांच्या जखमा धुतात, आणि आपण मात्र नाकाला पदर लावतो, ही टोचणी अनेक विचारी माणसांना होती. त्यांपैकी मनोहरजी दिवाण एक. ते विनोबांचे सहकारी. वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांतील कुष्ठरोग्यांची दशा पाहून त्यांनी हे काम अंगावर घेण्याचे ठरविले. आईने मोडता घातला. तुलाच रोग जडला तर? सरांनी सांगितले की, त्यावर मनोहरजींनी आईला एवढेच विचारले, ‘आई, हा रोग तुला झाला असता, तर मी काय करावे असे तुला वाटले असते?’ आई क्षणभर गप्प राहिली, आणि मग तिने आशीर्वाद दिला. त्यातून 1936 साली दत्तपूरची महारोगी सेवा समिती उभी राहिली. गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेला जागा दिली, तेव्हा मनोहरजींच्या या कामाचा त्यांनी नावानिशी गौरव केला होता.

मला मनोहरजींच्या आईपेक्षा माझी आईच आठवत राहिली. आणि मी तिला असा काही प्रश्न विचारला नव्हता, हेही.

मे महिन्यातले वर्धा म्हणजे तापलेला तवा. सकाळी आठ वाजताच डोळे उघडवेनात. वसाहतीत पाऊल टाकले तो आमच्या कल्पनेला पहिला धक्का बसला. कोणी विव्हळत नव्हते, कोणी आमची वाटही पाहत नव्हते. माणसे आपापल्या कामांत होती. कोणी शेतात, कोणी गाईंपाशी, कोणी सूत कातत होते. झडलेल्या बोटांचे हात चरखा फिरवीत होते. आम्हीच तेवढे रिकामे उभे होतो.

लगेच कामे वाटली गेली. पेटीवाल्याच्या वाट्याला शेण काढणे आले. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटले, आपण सायन्सच्या, आपल्याला दवाखान्यात नेतील. नेलेही, पण दवाखान्याच्या मागच्या बाजूला! तेथे चुलाण्यावर एक भले मोठे पातेले रटरटत होते. त्यात धुण्याचा सोडा, आणि सोड्यात जखमांवरून सोडलेल्या पट्ट्या. लाकडी दांड्याने त्या ढवळायच्या, उकळून झाल्या की विहिरीच्या पाण्याने खळखळून धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या आणि वाळल्या की गुंडाळून ठेवायच्या. कापड महाग. एकच पट्टी पुनःपुन्हा वापरायची असे. त्या वाफेचा वास पहिल्या दिवशी माझ्या केसांत शिरला. त्या रात्री मला भाकरीचा घास उतरला नाही.

पट्ट्या गुंडाळण्याच्या कामावर एक म्हातारी होती. सगळे तिला माय म्हणत. तिच्या एका हाताची बोटे आत वळून कडक झाली होती, दुसऱ्या हाताची पेरे आखडून नाहीशी झाली होती. पट्टीचे टोक ती गुडघ्याखाली दाबून धरी आणि दोन्ही मनगटांच्या मध्ये ती भराभर फिरवी. पाहता पाहता लाकडासारखी टणक गुंडाळी तयार! माझी धडधाकट दहा बोटे. पण माझी गुंडाळी हातातून सुटली की बाहेरच्या अंगाने उलगडत जाई.

“कायले आली वं पोरी इथं?” तिने पहिल्याच दिवशी विचारले.

“सेवा करायला,” मी सांगितले. हे उत्तर मी गाडीतच ठरवून ठेवले होते.

माय खुदकन हसली. “शेवा मंग पाहू. आधी पट्टी घट गुंडाय. सैल राह्यली का पायावरून सुटते, चिखलात जाते, अन् भरलेली जखम पुन्हा उघडी पडते.”

माझ्या साऱ्या ध्येयवादाला मिळालेले हे पहिले उत्तर. मी मनातून चिडले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. दुपारी बाराचे ऊन. माझा घसा कोरडा पडलेला. मायने आपल्या पितळी पेल्यात गुळाचे पाणी आणले आणि दोन्ही मनगटांत धरून माझ्यापुढे केले. मी म्हणाले, “नको, मला तहान नाही.”

खोटे बोलताना माणूस मोठ्याने बोलतो. मी मोठ्यानेच बोलले. मायने माझ्याकडे पाहिले नाही. पेला तिने आपल्याशी ओढला, पाणी पिऊन टाकले, आणि पुन्हा पट्टी गुडघ्याखाली घेतली. त्या दिवसापासून तिने मला पाण्याचे विचारले नाही. रागावलीही नाही. तेच मला अधिक लागले.

भीती ही अज्ञानातून येते असे पुस्तकात वाचले होते. पण माझे अज्ञान तर दुसऱ्याच दिवशी दूर झाले होते! तेथील एका कार्यकर्त्याने आम्हांला नीट समजावले होते. हा रोग पापाने होत नाही, की आनुवंशिकही नाही. 1873 साली नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सेन यांनी त्याचा जंतू शोधून काढला. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला परतवून लावण्याची ताकद उपजतच असते. डॅप्सोनच्या गोळ्यांनी रोग हटतो. 1951 साली वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे डॉक्टर वर्देकर आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन रुग्ण शोधत, लोकांना माहिती देत आणि घरीच राहून औषध घ्यायला शिकवीत. हे सारे मी वहीत स्वच्छ अक्षरांत उतरवून घेतले होते. तरीही पेल्याला हात पुढे झाला नव्हता. वही एक सांगत होती, हात दुसरेच.

हात सुधारला तो एका काट्याने.

एके सकाळी माय विहिरीकडून येत होती. तिच्या मागे ओल्या फरशीवर पावलांचे ठसे उमटत होते, आणि एका पावलाचा ठसा लाल होता. “माय, थांब!” मी ओरडले. ती थांबली आणि मागे वळून कुतूहलाने पाहू लागली, जणू ते रक्त दुसऱ्याच कोणाचे. मी तिला पायरीवर बसवले, पाय मांडीवर घेतला. बाभळीचा बोटभर काटा तळव्यात रुतला होता. ती त्याच्यावर पाऊल टाकीत विहिरीपर्यंत जाऊन आली होती. तिला कळलेच नव्हते!

काटा काढून, जखम धुऊन पट्टी बांधल्यावर माझ्या लक्षात आले की तो पाय अजून माझ्या मांडीवरच आहे.

पुढे शिकताना मला याचा उलगडा झाला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की, या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. रोग नसा बधिर करतो. मग चुलीवरचे भांडे हात भाजते, चपलेतला खडा तळवा कुरतडतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस तसाच काम करीत राहतो. तुम्हांआम्हांला दुखण्याचा केवढा त्रास वाटतो! पण दुखणे म्हणजे अंगाचा पहारेकरी. तो झोपला की घर लुटले जाते. अशांच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी रोज पहारा करावा लागतो.

तो पहारा मला मिळाला. त्या दिवसापासून पट्ट्या उरकल्या की मी पाय तपासायला बसू लागले. पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवायचे, निबर कातडी अलगद घासून काढायची, ओलसरपणी तेल लावायचे, बोटांच्या बेचक्यांत पाहायचे, चपला झटकून खिळा वर आला आहे का ते चाचपायचे. यात कौशल्य ते काय? शाळकरी पोर करील. पण एक दिवस चुकवला तर दुसऱ्याच दिवशी जखम बोलते. भिजवण्याची बादली मांडताना पहिल्या दिवशी मायने विचारले, “पानी पेशीन?” मी तिच्याच पेल्याने दोनदा प्यायले. ती काही बोलली नाही. मीही नाही.

रविवारी सर आम्हांला चालत सेवाग्रामला घेऊन गेले. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. कुष्ठरोगाने घेरल्यावर 1939 साली ते आश्रमाच्या दाराशी आले. आश्रमात इतर माणसे होती, मुले होती. गांधीजींना प्रश्न पडला. पण त्यांनी शास्त्रीबुवांना ठेवून घेतले, जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांचे अंग चोळू लागले. देशाचे राजकारण बाहेर तिष्ठत असताना हा कार्यक्रम चुकत नसे. शास्त्रीबुवा पुढे दत्तपूरलाच राहिले आणि 1945 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. परतताना सरांनी आणखी एक हकिकत सांगितली. विनोबा पवनारहून रोज खांद्यावर फावडे टाकून सुरगावला चालत जात आणि गावाचा मैला साफ करीत. भाषण नाही, सभा नाही.

“शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची गोष्ट आपण दर वर्षी वाचतो,” सर म्हणाले. “या लोकांनी ती रोज केली.” पेटीवाला म्हणाला, “सर, आपण रात्री भजन म्हणायचे राहूनच गेले की!” खरेच, दिवसभराच्या कामाने सगळे आठालाच झोपत होतो. पेटी खोक्यातून निघालीच नव्हती.

शेवटच्या आठवड्यात मायने मला बाजूला घेतले. हिंगणघाटकडच्या एका खेड्यात तिचा मुलगा होता. नातीचे लग्न होते. मायने स्वतः कातलेल्या सुताचे एक लुगडे विणून घेतले होते. ते पोहोचवायचे. “मी आली तं लगन मोडन,” ती सहज म्हणाली. “तू जा. नेऊन दे फक्त.”

सरांबरोबर मी एसटीने गेले. मांडव पडला होता. सुनेने आम्हांला ओटीवर बसवून चहा दिला आणि डोळ्यांनी विनवीत कानाशी कुजबुजली, “व्याही आले आहेत. सेवाग्रामहून आलो म्हणून सांगाल, बाई?”

माझ्या हातातील कप हलला. माझ्या आईचेच शब्द!

लुगड्याचे पुडके तिने पदराखाली घेतले आणि ते गोठ्याकडे गेले. आहेरांच्या ढिगात ते दिसले नाही. निघताना मुलगा आम्हांला गाडीपर्यंत सोडायला आला. सगळी वाट मुकाट. गाडी दिसू लागली तेव्हा तो दुसरीकडे पाहत म्हणाला, “मायच्या डाव्या पायाची जखम भरली का?” मी म्हटले, “भरली.” त्याने उपरण्याने तोंड पुसले. मला त्याचा राग येत होता. तो तेथल्या तेथे विरून गेला.

परत येऊन मायला काय सांगावे याची मी वाटभर जुळवाजुळव केली होती. “नातीला फार आवडले,” मी म्हणाले. मोठ्यानेच म्हणाले असावे.

मायने पट्टी फिरवता फिरवता विचारले, “कोठ्यात ठेवलं असन नं?”

मी गप्प.

“लगन लागलं नं?”

“लागले.”

“मंग झालं,” ती म्हणाली आणि माझी गुंडाळी हातात घेऊन दाबून पाहिली. “आता घट झाली तुई पट्टी.”

आयुष्यात नंतर मला प्रशस्तिपत्रे मिळाली. हे त्यांतले पहिले, आणि तेच मी जपले आहे.

निघताना तिने मला एक पुडी दिली. वर्ध्याकडच्या कापसाच्या वाती, मांडीवर मनगटाने वळलेल्या. “तुमच्याकडं देवापाशी दिवा लावत असन नं?” आमच्याकडे समई नसते, हे मी तिला सांगितले नाही.

जूनमध्ये अहमदनगरची मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मावशीने प्रेमाने विचारले, “सुट्टीत कुठे गेली होतीस, बाळ?” आईने घाईघाईने बशी पुढे केली. मला ती ओटी दिसली, पदराखालचे पुडके दिसले. मी म्हणाले, “वर्ध्याजवळ दत्तपूरला. कुष्ठरोग्यांच्या पट्ट्या धुवायला.”

दुसऱ्या आठवड्यात पत्रिका परत आल्यासारखे एक सभ्य पत्र आले. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या रात्री तिचा गुडघा फार दुखू लागला. ती माझ्या खाटेशी आली, पट्टी पुढे केली आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाली, “बांध. येते म्हणतेस ना तुला?”

मी डॉक्टर झाले नाही. त्याच वर्षी परिचारिकेच्या शिक्षणाला नाव घातले आणि पुढे चौतीस वर्षे जखमा बांधल्या. ज्यांच्याशी लग्न झाले, त्यांना दत्तपूरची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली. ते म्हणाले, “मग माझ्या पायाचे कुरूप बघाल का?”

माझ्या डोळ्यांदेखत काळ बदलला. 1980 नंतरच्या काही वर्षांत अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला. देशात तो सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. वर्षानुवर्षे गोळ्या घेणारे रुग्ण सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बरे होऊ लागले. 2005 च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्याही खाली आले. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, आणि 2019 मध्ये घटस्फोटाच्या कारणांतूनही हा रोग वगळला गेला. तरीही आपल्या देशात आजसुद्धा दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. म्हणून एक सांगते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे टोचलेले कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर बोट वाकडे होण्याचे बहुधा टळते.

आता त्या वातींचे सांगायचे राहिले.

त्याच 1966 सालची दिवाळी. आमच्या वाड्यातील समोरच्या काकू संध्याकाळी दारात आल्या. पाहुण्यांच्या गडबडीत वाती संपल्या होत्या, दुकाने बंद झाली होती. “तुमच्याकडे कुठल्या असायला म्हणा!” असे म्हणत त्या वळल्या, तो आईने त्यांना थांबवले. आत जाऊन तिने माझ्या ट्रंकेतली पुडी आणली. मी श्वास रोखून उभी राहिले. आता ती काय सांगणार? वर्ध्याच्या आहेत? सेवाग्रामच्या आहेत?

“दत्तपूरच्या आहेत,” आई म्हणाली. “तिथल्या एका आजींनी वळल्यात. त्यांना बोटे नाहीत. चालतील ना?”

काकूंनी एकदा आईकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी पदर पुढे केला.

त्या रात्री समोरच्या ओट्यावर पणत्यांची रांग लागली. आई बराच वेळ दारात उभी होती. शेवटी म्हणाली, “छान घट्ट वळल्यात गं. एकसारख्या जळताहेत.”